मा. कामगार मंत्री यांस खुले पत्र : गवंड्याच्या हजेरी-वह्यांविषयी

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या पौषात माझे आजोबा वारले. ते गवंडी होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि पाटण तालुक्यातली पडलेली घरे पुन्हा उभी करण्यासाठी माणसे लागली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. माण तालुक्यातल्या आमच्या गावातून चालत निघालेल्या टोळीबरोबर ते बिगारी म्हणून तिकडे गेले आणि हातात थापी घेऊन परत आले. 1972 च्या दुष्काळात बांधकामे थांबली, म्हणून इतरांसारखी त्यांनीही दुष्काळी कामावर खडी फोडली. त्यानंतर मात्र दहिवडी, कराड, सातारा असे जिथे काम निघेल तिथे ते परांचीवर चढत राहिले.

शनिवारी रात्री ते घरी येत. डब्यात माझ्यासाठी बाजारातली शेव असे, आणि रविवारी सकाळी सायकलच्या दांड्यावर बसवून ते मला स्वतः बांधलेली एखादी भिंत दाखवायला नेत. "हात लाव की, पडायची न्हाय," असे म्हणत. आम्ही शाळेच्या, सोसायटीच्या गोदामाच्या, एकदा तर कुणाच्या गोठ्याच्या भिंतीलाही हात लावून आलो. माझ्या बारावीपर्यंतची फी त्यांनीच भरली, आणि ती कधीही उशिरा भरली नाही.

आपल्याला लिहिण्याचे कारण त्यांच्या वह्या हे आहे. आजोबांना अक्षर ओळख जेमतेम होती, पण मुकादमाच्या हिशेबावर त्यांचा विश्वास त्याहून कमी होता (तो का, हे बांधकामावर राबलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही). म्हणून 1974 पासून 2012 पर्यंत त्यांनी स्वतःची हजेरी स्वतः लिहिली : भरलेल्या दिवसाला एक उभी रेघ, खाड्याला शून्य, आणि पानाच्या डोक्यावर कामाचे चित्र. घराला चौकोन, शाळेला चौकोनावर झेंडा, पाण्याच्या टाकीला चार पायांवर गोल.

बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा 1996 साली झाला, राज्याचे नियम 2007 साली आले. या कायद्याखालच्या कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस काम, अशी अट होती. नियम आले तेव्हा आजोबा एकोणसाठ वर्षांचे होते. ही बातमी परांचीपर्यंत पोहोचून त्यांनी केलेल्या कामाचा दाखला मागितला, तोवर साठीला दोन महिने उरले होते, आणि ज्याच्याकडे त्यांनी अकरा वर्षे काम केले होते त्या ठेकेदाराने "कशाला मला चौकशीत अडकवता?" असे म्हणून सही नाकारली. पुढे वय उलटले आणि विषय संपला.

आता शासनाने साठीनंतरच्या निवृत्तिवेतनाची योजना आणली आहे. दहा वर्षांच्या नोंदणीला वर्षाकाठी 6,000, पंधराला 9,000 आणि वीसला 12,000 रुपये. योजना स्वागतार्ह आहे, पण तिचा हिशेब नोंदणीपासून सुरू होतो, कामापासून नाही. 2007 पूर्वी नोंदणीची सोयच नव्हती, त्यामुळे वीस वर्षे 2027 च्या आधी कोणाच्याही नावावर भरू शकत नाहीत. आणि ज्या पिढीने जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक शाळाखोल्यांच्या भिंती उचलल्या असतील, ती पिढी तोवर या हिशेबाबाहेरच राहणार आहे.

माझी मागणी एकच आहे. नियम लागू झाले तेव्हा साठीला टेकलेल्या किंवा साठी ओलांडलेल्या कामगारांचे पूर्वीचे काम ग्रामसभेचा ठराव, सहकारी कामगारांचे जबाब आणि अशा खासगी हजेऱ्या यांच्या आधारे ग्राह्य धरावे. बांधकामाच्या खर्चावर घेतल्या जाणाऱ्या उपकरातून जमलेला पैसा याच लोकांच्या कामावर जमला आहे.

आजोबांना याचा आता उपयोग नाही. परंतु त्या वह्यांत उभ्या रेघांशेजारी बऱ्याच पानांवर एक आडवी रेघही आहे. ती आजीची हजेरी आहे. चाळीस वर्षे तिने त्यांच्या हाताखाली डोक्यावरून माल पुरवला. कोणत्याही ठेकेदाराच्या मस्टरवर तिचे नाव कधी चढले नाही, कारण जोडप्याची मजुरी आजोबांच्या नावावर एकत्र निघे. आज ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. वह्या तिच्या ट्रंकेत आहेत. आपला अधिकारी तपासणीला आला तर ती त्या दाखवील. कार्यालयात जमा करायला मात्र तिने नकार दिला आहे.

आपला नम्र,
एका गवंड्याचा नातू
ता. माण, जि. सातारा