ओठांवर येऊन अडलेलं गाणं

महोदय,
इंग्रजी रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा, असा सूर वाचकपत्रांतून अधूनमधून लागतो. तो लावणाऱ्यांनी मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’ या बँडचं ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’ एकदा ऐकावंच. घरात थारा नाही म्हणून कुणाच्या तरी गाडीत बसून रात्री भटकणारा पोरगा. अंधाऱ्या भुयारी रस्त्यात त्याला वाटतं, आता विचारून टाकावं. पण ऐन वेळी भीती दाटते आणि तोंडून शब्द फुटत नाही. गाडी चालवणारा मुलगा की मुलगी, हेही गाणं सांगत नाही. मरणाची भाषा जरा जास्तच आहे (त्या वयात ती असतेच म्हणा). मागची व्हायोलिनं तर खरी नाहीतच, बँडचा गिटारवादक जॉनी मार यानं ती यंत्रावर वाजवली आहेत. तरी गलबलून येतं. १९८६च्या अल्बममधलं हे गाणं ब्रिटनमध्ये सिंगल, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून निघालं थेट १९९२ मध्ये, बँड फुटून पाच वर्षं झाल्यावर. १९८६ मध्ये बँडनं त्याच्याऐवजी ‘बिगमाउथ स्ट्राइक्स अगेन’ काढलं. ती निवड मला अजूनही पटलेली नाही.

– एक वाचक, डोंबिवली