आईची नजर आणि आपलं वाचनालय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना झाला. मधेच आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून उत्तर राहिलं. पट्टी काढून घरी आलो, तर दांडीवरच्या माझ्या सदऱ्याकडे बघून म्हणते, "अरे, हा पांढराय होय? मला वाटायचं, पिवळा पडला." किती दिवस तिला सगळंच पिवळट दिसत असणार! बोलली नाही कधी. आणि मी भातात खडा लागला की कुरकुरायचो, "तांदूळ नीट निवडत जा ना." ती बोटांनी चाचपून निवडत होती रे. मला नुसती चाळिशी लागलीय, डोळे शाबूत आहेत, तरी रोज समोर बसणारी आई मला दिसली नाही. हे मनातून जात नाही.

शेजारच्या काकूंनी लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दृष्टी आली म्हणून दृष्ट काढली!

दवाखान्याच्या बाकावर डॉ. वेंकटस्वामींबद्दल वाचत होतो. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, त्याच हातांनी ते डोळ्यांची ऑपरेशनं करायचे. निवृत्तीनंतर, वयाच्या ५८ व्या वर्षी, १९७६ साली त्यांनी मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. ऐपतवाल्यांनी पैसे द्यायचे, त्यात गरिबांचंही व्हायचं. डोळ्यात बसवायचं परदेशी भिंग परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये ऑरोलॅब उभी राहिली आणि भिंगं तिथेच बनू लागली. दूरदृष्टी म्हटलं की मला क्षितिजाकडे बोट दाखवणारा पुतळाच आठवायचा. या माणसाला आधी दिसली ती भिंत चाचपत चालणारी म्हातारी, कारखाना पुढचा.

बारावीच्या सुट्टीत देवळाच्या ओवरीत बसून आपण गावात वाचनालय काढायचं ठरवलं होतं. तू वहीत कपाटं, बाकं, खिडक्यासुद्धा आखल्या होत्यास. पंचवीस वर्षं मी ते 'बघू पुढे' म्हणत आलो. आता करूया. पण आपल्या आळीतल्या निम्म्या बायकांनी चष्म्याचा नंबर कधी काढलेलाच नाही, त्यांच्या हातात पुस्तक देऊन काय होणार? म्हणून आधी डोळेतपासणी, मग कपाटं. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारलंय, एक रविवार देतो म्हणाले.

दिवाळीत ये. ती वही असली तर घेऊन ये. आई तुझी वाट बघतेय. म्हणते, "मागच्या वेळी आवाजावरून ओळखला होता त्याला."

तुझाच,
मित्र