लोअरिंग स्प्रिंगा घेण्याआधी बम्प स्टॉप बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत जुनी स्पोर्ट्स कार खाली कशी बसवायची यावर लेख आला होता तो वाचला, फोटो मस्त होते, पण सगळं मोजमाप बोटांनी केलेलं. टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जागा होती ती दोन बोटं झाली, गाडी भारी दिसायला लागली, विषय संपला. अहो, नुसती उभी करून दाखवायची गाडी असेल तर ठीक आहे, पण जी रोज कामावर जाते, पावसात जाते, डिकीत सामान टाकून जाते तिच्यासाठी हा सल्ला अर्धवट आहे, आणि का ते मी माझ्याच चुकीवरून सांगतो.

माझ्याकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 आहे, 1989 ला जिचं पहिलं मॉडेल आलं ती, चारही चाकांना डबल विशबोन (वरखाली दोन आर्म असलेलं सस्पेन्शन) आणि वजन जेमतेम हजार किलोच्या आसपास. मी पण बोटंच मोजली होती. खोक्यावर 45 मिमी लिहिलेल्या, म्हणजे गाडी तेवढी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा उचलल्या, शॉकॲब्सॉर्बर जुनेच ठेवले कारण गळत नव्हते ना मग चालतील की, आणि पहिले दोन दिवस गाडी लावून जाताना चार चार वेळा मागे वळून बघितलं. तिसऱ्या दिवशी रोजच्याच एका वळणावर, रोजच्याच एका उंचवट्यावर, गाडीचं मागचं अंग टुणकन उडी मारून बाजूला सरकलं. वेग फार नव्हता, रस्ता कोरडा, टायर चांगले. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की गाडी वळणात आधीच बम्प स्टॉपवर टेकलेली होती.

बम्प स्टॉप म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर बसवलेला तो फोमचा किंवा रबराचा ठोकळा, सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. त्याच्यावर टेकलं की त्या चाकाची स्प्रिंग जणू एकाएकी कितीतरी पट कडक होते, त्या टायरवर भार झटक्यात वाढतो आणि पकड सुटते. आणि लोक म्हणतात लोअर केल्यावर गाडी 'टाइट' झाली! टाइट कसली, ठोकळ्यावर बसून चाललीये ती.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. स्प्रिंग जितकी दबते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती ऊर्जा साठवते. समजा मूळ उंचीला चाक वर जायला 80 मिमी जागा होती आणि तुम्ही गाडी 40 मिमी खाली आणली, म्हणजे जागा उरली निम्मी, पण तीच स्प्रिंग असेल तर दणका पचवायची ताकद उरली पाव! तेवढाच दणका ठोकळ्याला न लागता पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक पाहिजे. रस्त्यावरच्या गाडीसाठी मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा सहसा मूळपेक्षा थोड्याफार कडक असतात, चौपट कोणी देत नाही आणि दिली तर तुमची कंबर राहणार नाही. 20 मिमी खाली आणली तर हाच आकडा पावणेदोन पटीच्या आसपास येतो, तो चांगला शॉकॲब्सॉर्बर आणि मऊ फोमचा बम्प स्टॉप मिळून सांभाळून नेतात. म्हणून रोजच्या गाडीला माझं मत साधारण 20 ते 30 मिमी, त्याच्या खाली जायचं असेल तर आधी जागा मोजून दाखवा.

मोजायची कशी तर फुकटात होतं. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावरचं धूळ अडवणारं कव्हर वर सरकवायचं, दांड्याला एक छोटा केबल टाय बांधायचा, खाली शॉकॲब्सॉर्बरच्याच बॉडीला टेकवून ठेवायचा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवायची. टाय कुठपर्यंत ढकलला गेला तेवढा तुमचा दांडा आत गेला. तो मूळ स्प्रिंगांवरच बम्प स्टॉपला जाऊन भिडला असेल तर लोअरिंगचा विचार करताना दहादा विचार करा. दुसरं माप हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, चारही बाजूंनी, सपाट जागेवर. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि साइज बदलली की ते माप बदलतं. आणि इथेच जुन्या गाडीची गंमत आहे, खोक्यावरचे 30 मिमी हे गाडी नवी होती त्या उंचीपासून धरलेले असतात, पण तुमच्या स्प्रिंगा इतक्या वर्षांत आधीच बसल्यात, कधी एका बाजूला जास्त. त्यामुळे 30 ची स्प्रिंग टाकून गाडी 15 च मिमी खाली आली तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

मग स्प्रिंग लिनिअर (कडकपणा कायम सारखा) की प्रोग्रेसिव्ह (दबेल तशी कडक होणारी) हा वाद. प्रोग्रेसिव्हमध्ये एका टोकाचे वेढे जवळजवळ असतात, ते आधी मिटतात आणि मग पुढची स्प्रिंग कडक लागते, आयबाख कंपनीचं प्रो-किट या जातीतलं. साध्या रस्त्याला मऊ, जोरात दाबलं की कडक, रोजच्या वापराला हे मला पटतं. ट्रॅकवाले लिनिअर मागतात कारण त्यांना प्रत्येक मिलिमीटरला तेवढाच वाढीव जोर हवा असतो, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे.

पण स्प्रिंगच्या आधी शॉकॲब्सॉर्बर, हे मी आता कोणालाही ओरडून सांगायला तयार आहे! कडक स्प्रिंग दबली की जास्त जोरात परत उसळते आणि ती उसळी आवरायचं काम शॉकॲब्सॉर्बरचं, लाखभर किलोमीटर चाललेला म्हातारा शॉक ते करूच शकत नाही, मग गाडी चेंडूसारखी नाचत राहते. कोनी कंपनीचा स्पोर्ट शॉक, तो पिवळा, त्यात ही परतीची उसळीच कमीजास्त करता येते. बिलस्टाइन कंपनीच्या शॉकमध्ये बी6 हा मूळ लांबीचा आणि बी8 लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला, तेव्हा नुसतं पिवळं खोकं बघून घेऊ नका. लांबी जुळली नाही तर गाडी जॅकवर चढवल्यावर चाक लोंबतं आणि आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होऊन खुळखुळते, हे फार धोक्याचं आहे.

जुन्या स्प्रिंगा कापून बसवणाऱ्यांबद्दल एवढंच की वेढा कापला की स्प्रिंग कडक होते हे खरं आहे, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट चालतो, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसतं का ते बघा, आणि गॅस कटरने तापवून खाली बसवलेली स्प्रिंग म्हणजे पोलादाला दिलेलं पाणीच उतरवणं आहे. त्यावर चर्चा नको.

गाडीगाडीचा फरक पण असतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (वरच्या आर्मऐवजी शॉकॲब्सॉर्बरच चाक धरतो ती रचना) असेल तर फार खाली आणल्यावर खालचा आर्म उलट्या दिशेला कलतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणात कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं, म्हणजे स्प्रिंगा कडक करूनही गाडी वळणात जवळपास तेवढीच कलते, पैसे गेले आणि हातात काही नाही. बीएमडब्ल्यू ई30 ला मागे सेमी ट्रेलिंग आर्म, म्हणजे तिरक्या बिजागरीवर वरखाली होणारे आर्म आहेत, तिथे खाली बसवली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही बदलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. पोर्शे 944 वाल्याने तर मागच्या स्प्रिंगा शोधूच नयेत, तिथे कॉइल नाहीत, टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे आहेत, ते काढून वेगळ्या दात्यावर बसवावे लागतात आणि ते एका दुपारचं काम नाही. ज्यांना फक्त वळणातलं कलणं कमी करायचंय त्यांनी आधी जाड अँटी रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा दांडा) लावून बघावा, उंचीला हात न लावता निम्मं काम होतं.

बसवतानाची एक गोष्ट मात्र चांगले चांगले मेकॅनिक विसरतात. सस्पेन्शनच्या आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश त्या लोंबत्या अवस्थेत जखडतात, गाडी खाली ठेवली की कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी एकदा हलवून, मग आवळा. बम्प स्टॉप, वरची माउंटिंग, स्प्रिंगखालचे रबर हे त्याच वेळी नवे टाका कारण सगळं उघडलेलंच आहे. काही दिवस चालवून स्प्रिंगा बसल्या की चाकांची अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइटचा झोत पण बघा, पुढचं मागचं सारखं खाली आलं नसेल तर तो हलतो. काही जुन्या गाड्यांमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो जो उंचीवरून भार ओळखतो, गाडी खाली आणली की त्याला वाटतं मागे सामान भरलंय आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, तो ॲडजस्ट करून घ्यावा लागतो. आणि बदल विमा कंपनीला कळवा, एक फोनचं काम आहे.

माझ्या गाडीला आता 25 मिमीवाल्या स्प्रिंगा आणि नवे शॉक आहेत. त्याच वळणावरून, त्याच उंचवट्यावरून रोज जातो, गाडी एकदा वर होते, एकदा खाली बसते आणि पुढे जाते. टायर-मडगार्डमध्ये अडीच बोटं जागा आहे, हवी तर मोजून घ्या.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी असे फोटो छापाल तेव्हा खाली बोटांऐवजी हब ते मडगार्डचं माप द्या, आधीचं आणि नंतरचं, चारही चाकांचं, आणि बम्प स्टॉपच्या आधी किती मिमी उरले तेही.

आपला,
एक नियमित वाचक