डच गोडधोड : नावे तपासा, प्रमाणे पूर्ण छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नेदरलँड्सच्या पारंपरिक पदार्थांवर आलेला लेख वाचला. विषय चांगला, छायाचित्रे त्याहून चांगली. पण दिलेल्या कृती तशाच्या तशा केल्या तर पाचांतले तीन पदार्थ हमखास बिघडतील आणि एका पदार्थाविषयीची चूक तर तब्येतीशी संबंधित आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात स्ट्रोपवाफलपासून. लेखात त्याला ‘दोन बिस्किटांमध्ये कॅरामल’ म्हटले आहे. ती दोन बिस्किटे नसतात. एकच जाळीदार चकती भाजून, ती गरम असतानाच सुरीने आडवी चिरून तिचे दोन पापुद्रे करायचे आणि मध्ये पाक भरायचा, ही या पदार्थाची खरी कारागिरी. गाव खाउदा, म्हणजे चीजमुळे आपण ज्याला ‘गौडा’ म्हणतो तेच. पीठ यीस्टचे असते. बेकिंग पावडर घातली तर चकती ठिसूळ होते आणि चिरताना तिचा भुगा होतो. मैदा २५० ग्रॅम, वितळवून कोमट केलेले लोणी १२५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, एक अंडे, ५० मिली कोमट दुधात कालवलेले ताजे यीस्ट २५ ग्रॅम (सुके असेल तर ७–८ ग्रॅम पुरे) आणि चिमूटभर मीठ. मळून पाऊण ते एक तास झाकून ठेवावे. यात साधारण ४५ ते ५० ग्रॅमचे बारा गोळे होतात. साचा उथळ, बारीक जाळीचा हवा. खोल चौकटींचा, जाड बेल्जियन वाफलचा साचा इथे निरुपयोगी, कारण त्यातली चकती आडवी चिरताच येत नाही.

भाजायला दीड-दोन मिनिटे लागतात आणि त्यानंतर हातात असतात फक्त काही सेकंद. साच्यातून काढल्या काढल्या चिरायची. चकती गार झाली की ती काचेसारखी तडकते. म्हणून एका वेळी एकच भाजावी आणि पाक आधीच तयार, कोमट ठेवावा.

पाकासाठी २०० ग्रॅम डच ‘स्ट्रोप’, १२५ ग्रॅम तपकिरी साखर, ७५ ग्रॅम लोणी, एक चमचा दालचिनीपूड. स्ट्रोप म्हणजे शुगरबीटच्या मळीचा आणि ग्लुकोजचा घट्ट पाक. त्यातल्या ग्लुकोजमुळे साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत. ‘आप्पलस्ट्रोप’ नावाची काळी, आंबटगोड बाटली वेगळी, ती सफरचंदाची असते आणि पावाला लावतात. नाव सारखे म्हणून तीच ओतली की फसगत. पाक मंद आचेवर ढवळत, थंड पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी होईपर्यंतच आटवायचा. थर्मामीटर असेल तर ११२ ते ११६ अंश सेल्सिअस. याच्या पुढे गेला तर गार झाल्यावर दात उपटतो, अलीकडे राहिला तर कडेने गळतो. आणि खाताना वाफाळत्या कपावर झाकणासारखे एक-दोन मिनिटे ठेवतात ते काही छायाचित्रासाठी नव्हे; वाफेने खालचा पापुद्रा आणि पाक दोन्ही सैल होतात.

आता नावांचा घोळ. लेखातले छायाचित्र ‘क्राउतनोटन’चे आहे आणि खाली नाव ‘पेपरनोटन’ छापले आहे. लेखकाला फार दोष देता येणार नाही, कारण तिथले दुकानदारही सर्रास हेच करतात. पण ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, सिंटरक्लासच्या (मुलांना भेटी आणणाऱ्या डच संताच्या) भेटवस्तू उघडताना जे मूठमूठ उधळले जातात त्यांत हे दोन वेगळे पदार्थ आहेत. क्राउतनोट लहान, कडक, अर्धगोल, मसाल्याच्या चवीचा. पेपरनोट चिवट, वेडावाकडा, राईचे पीठ आणि मध यांचा, बडीशेपेच्या जवळ जाणाऱ्या अनिसच्या वासाचा. तो ‘ताइताइ’ नावाच्या चिवट खाऊचा सख्खा भाऊ.

क्राउतनोटची कृती लेखात नव्हती, ती अशी : बेकिंग पावडर मिसळलेला मैदा २५० ग्रॅम, गडद तपकिरी साखर १२५ ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, स्पेक्युलासचा (डच मसालेदार बिस्किटांचा) मसाला तीन चहाचे चमचे, चिमूटभर मीठ, आणि पीठ गोळा होईल इतकेच, तीन-चार मोठे चमचे दूध. गोट्यांएवढे गोळे करून किंचित दाबायचे, १६० ते १७० अंशांवर १५ ते २० मिनिटे. ओव्हनमधून काढताना ते मऊच लागतात. गार होताना कडक होतात, म्हणून ‘अजून पाच मिनिटे’चा मोह टाळावा. तपकिरी साखर म्हणजे डच ‘बास्टर्डसाउकर’. ती बारीक आणि ओलसर असते. दाणेदार साखर पिठात नीट विरघळत नाही, भट्टीत वितळते आणि गोळा पसरून चपटा होतो.

मसाला घरी करायचा तर वजनाने दालचिनी ६ भाग, लवंग २, जायफळ २, पांढरी मिरी १, सुंठ १, वेलची १. कुणी जायपत्री किंवा धणे घालतात. प्रत्येक बेकरीचे प्रमाण वेगळे, पण दालचिनी पुढे आणि लवंग मागे हा क्रम मोडू नये. लवंग वाढली की जीभ बधिर होते आणि बाकीचे मसाले विनाकारण खर्ची पडतात. लेखात ‘डचांनी पूर्वेकडून मसाले आणले’ एवढेच म्हटले आहे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने जायफळाची मक्तेदारी मिळवण्यासाठी १६२१ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर आपला गव्हर्नर-जनरल यान पीटर्सझोन कून याच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांची कत्तल केली. उरलेल्यांपैकी अनेकांना गुलाम केले. स्पेक्युलासच्या सुवासाचा इतिहास सांगायला घेतला तर हे वाक्य गाळता येत नाही.

खुद्द स्पेक्युलास लाकडी साच्यात दाबून करतात. पीठ रात्रभर थंड जागी ठेवले तर मसाला मुरतो आणि लोणी घट्ट होऊन साच्यातली नक्षी नीट उठते. साच्यावर तांदळाची पिठी भुरभुरायची, मैदा नव्हे. मैदा ओल धरतो आणि बारीक रेघांत चिकटून बसतो. बेकिंग पावडरचा हात आखडता ठेवावा, नाहीतर भट्टीतून बाहेर येताना नक्षीतल्या पवनचक्कीची पाती गायब.

ओलीबोलन, म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे, ३१ डिसेंबरला करतात. लेखात त्याला ‘डच डोनट’ म्हटले आहे. डोनटचे पीठ लाटता येते, ओलीबोलचे पीठ चमच्यावरून जड पडणारे, भज्यांच्या पिठाहून दाट असते. डच चित्रकार आल्बर्ट काउप यांच्या नावावर असलेल्या, सुमारे १६५२ च्या एका चित्रात मोलकरणीच्या हातातले भांडे असल्याच गोळ्यांनी भरलेले दिसते. हा पदार्थ अमेरिकी डोनटची नक्कल नाही, हे सिद्ध करायला ते भांडे पुरे. प्रमाण : मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध ४५० मिली, सुके यीस्ट १० ग्रॅम, एक अंडे, मीठ ८ ग्रॅम, थोडी साखर, १५० ग्रॅम मनुका आणि एका आंबट सफरचंदाचे बारीक तुकडे. मनुका आधी भिजवून नीट कोरड्या कराव्यात. कोरड्याठाक घातल्या तर पिठातले पाणी ओढतात आणि तेलात वर आलेल्या करपून कडू होतात. मिश्रण तासभर, दुप्पट होईपर्यंत फुगू द्यावे आणि फुगल्यावर पुन्हा ढवळू नये.

तेल १८० अंश. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त सोडले की तापमान घसरते, गोळे तेल पितात आणि दुसऱ्या दिवशी हातात धरवत नाहीत. १९० च्या वर मात्र बाहेरून तपकिरी, आत कच्चे. चमचा प्रत्येक वेळी गरम तेलात बुडवून घेतला की पीठ सहज सुटते आणि गोळ्याला शेपट्या फुटत नाहीत. एकूण सहा ते आठ मिनिटे, मध्ये एकदा उलटून. काडी घालून कोरडी निघाली तर झाले. पिठीसाखर खायच्या वेळीच घालावी; गरम गोळ्यावर टाकली तर वितळून चिकट लेप होतो.

पॉफर्चेसबद्दल एवढेच, की निम्मे पीठ बकव्हीटचे (कुट्टूचे) हवे. नुसत्या मैद्याचे पॉफर्चेस म्हणजे छोटे पॅनकेक. तवा आपल्या अप्पेपात्रासारखा दिसतो, पण खळगे उथळ असतात. कडा घट्ट आणि मधला भाग ओला असतानाच काट्याने उलटायचे. पूर्ण शिजायची वाट पाहिली तर ते फुगत नाहीत.

हुत्स्पॉट (बटाटा, गाजर आणि कांदा उकडून रगडलेला पदार्थ) मात्र लेखात बरोबर आहे, फक्त एक दुरुस्ती. १५७४ च्या ३ ऑक्टोबरला लायडन शहराला पडलेला स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला तेव्हाच्या कथेतल्या भांड्यात बटाटा नव्हता, पार्सनिप (गाजरासारखे पांढरट कंद) होते. बटाटा पुढे आला. आजच्या हुत्स्पॉटला भुसभुशीत बटाटाच हवा आणि तो हाताने रगडावा. मिक्सरमध्ये फिरवला की स्टार्च फुटून खळ तयार होते.

शेवटी द्रोप, म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. खाऱ्या द्रोपमध्ये ‘जास्त मीठ घालतात’ हे लेखातले वाक्य चूक आहे. तो खारेपणा प्रामुख्याने नवसागराचा, म्हणजे अमोनियम क्लोराइडचा असतो. जिभेला झोंबतो तोही त्याचाच. आणि ‘घशाला चांगले, कितीही खावे’ हे तर छापायलाच नको होते. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात पाणी आणि सोडियम साठते, पोटॅशियम कमी होते, रक्तदाब वाढतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार हा घटक किलोमागे १०० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर पाकिटावर ज्येष्ठमध असल्याचे लिहावे लागते आणि ४ ग्रॅम किंवा अधिक असेल तर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी जास्त खाऊ नये हा इशाराही. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी हा इशारा विशेष लक्षात घ्यावा.

बाकीच्या दुरुस्त्यांना जागा मिळाली नाही तरी चालेल. द्रोपची तेवढी पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक