ज्याने अणुभट्टी दुरुस्त केलीय, त्याला धोरण ठरवू द्या

प्रति,
माननीय राज्यमंत्री, अणुऊर्जा विभाग,
नवी दिल्ली

महोदय,

2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज, 2033 पर्यंत किमान पाच देशी छोट्या अणुभट्ट्या आणि त्यासाठी 20 हजार कोटी. 2025 च्या अर्थसंकल्पात हे ऐकलं तेव्हापासून एकच प्रश्न मनात घोळतोय: या मोहिमेची धुरा कोणाकडे देणार? मी आयुष्यभर मेकॅनिकलच्या मुलांना शिकवलं. मला याचं उत्तर डॉ. अनिल काकोडकरांच्या कारकिर्दीत दिसतं.

मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून मेकॅनिकल करून ते 1964 मध्ये ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात रुजू झाले आणि 2000 मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. मधली 36 वर्षं ‘ध्रुव’ या संशोधन अणुभट्टीच्या आराखड्यात, पोखरणच्या अणुचाचण्यांच्या तयारीत, पाइपांत आणि वेल्डिंगमध्ये गेली.

तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राचंच बघा. 1988-89 च्या सुमारास तिथल्या दोन्ही अणुभट्ट्यांत जड पाणी (न्यूट्रॉनचा वेग कमी करून अणुभट्टी चालती ठेवणारं खास पाणी) आत सोडणारा, झिर्कॅलॉय या मिश्रधातूचा भाग तुटला. किरणोत्सारामुळे आत माणूस जाऊच शकत नाही. जे करायचं ते लांबूनच. अणुभट्ट्या मोडीत निघायची वेळ आली होती. आपल्या अभियंत्यांनी जड पाण्याची वाटच बदलली, क्षमता सुमारे 170 मेगावॉटवर आणून त्या चालू ठेवल्या आणि पुढे नवे स्पार्जर, म्हणजे जड पाणी आत सोडणाऱ्या नळ्या, बसवून गेलेली क्षमता परत मिळवली. त्या कामात काकोडकर होते. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा.

असा माणूस धोरणाच्या टेबलावर बसला की काय होतं, ते 2006 मध्ये दिसलं. अमेरिकेशी अणुकराराची बोलणी ऐन रंगात होती आणि फास्ट ब्रीडर, म्हणजे जाळते त्यापेक्षा जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टी, नागरी यादीत (आंतरराष्ट्रीय तपासणीखाली येणाऱ्या अणुभट्ट्यांत) टाकण्याचा दबाव होता. त्यांनी वर्तमानपत्राला मुलाखत देऊन जाहीरपणे नाही म्हटलं. आपल्याकडे युरेनियम थोडं, थोरियम केरळ-तमिळनाडू-ओडिशाच्या वाळूत भरपूर. ब्रीडरचा टप्पा ओलांडल्याशिवाय त्या थोरियमचा मोठा उपयोग नाही. मार्चमध्ये यादी आली, तेव्हा 22 पैकी 14 अणुभट्ट्या नागरी ठरल्या आणि ब्रीडर बाहेर राहिला. पुढे याच माणसाने तो करार तडीस नेण्यासाठी जिवाचं रान केलं. विरोध आणि निष्ठा एकाच माणसात असू शकतात, हे सरकारने तेव्हा मानलं, याबद्दल मला आजही आदर आहे.

सगळंच गोड नव्हतं. त्या ब्रीडरचं बांधकाम 2004 मध्ये सुरू झालं आणि गाभा भरायला सुरुवात व्हायलाच 2024 उजाडलं. कोकणातल्या जैतापूर अणुप्रकल्पात तर माडबन-साखरी नाटे या गावांतल्या लोकांच्या जमिनीची आणि मासेमारीची धास्ती कोणी नीट ऐकूनच घेतली नाही, असं माझं मत आहे. म्हणूनच उत्तरं द्यायला समोर येणारा माणूस तंत्र जाणणारा हवा आणि पुरेसा काळ त्या जागी टिकणारा हवा.

माझी विनंती एवढीच: नव्या मोहिमेचा प्रमुख अणुभट्टीवर काम केलेल्यांतून नेमा, त्याला किमान दहा वर्षं द्या आणि मतभेद जाहीरपणे मांडण्याची मुभा नेमणूकपत्रातच लिहून द्या. ते पत्र लोकांसमोर ठेवाल ना?

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक