मार्चअखेरीला आमचा सर्व्हर सावरणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार, वि. वि.

कुठे लिहिलंत तर माझं नाव घालू नका, असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. सांगली जिल्ह्यात आमच्यासारख्या कितीतरी पतसंस्था आहेत. त्यांच्याही कुठल्यातरी कोपऱ्यातल्या खोलीत एसीखाली सगळ्या खात्यांचा हिशेब सांभाळणारा असाच एक सर्व्हर चालू असतो, आणि तो बिघडला की त्यांच्याकडेही आमच्यासारखीच धावपळ होते. बिलावर तुमचं काम एका ओळीत आलंय: ‘मेमरी मॉड्यूल बदलले, नग २’. म्हणजे रॅमच्या, चालू कामाची माहिती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, दोन पट्ट्या. त्या ओळीत तुमचं निम्मंही काम येत नाही.

मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे व्याजाची आकारणी, ठेवींचं नूतनीकरण, थकबाकीच्या याद्या आणि ऑडिटची तयारी, सगळं एकदमच. नेमका तेव्हाच सर्व्हर भर दुपारी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. काउंटरवर रांग, पिग्मी एजंट हातात मशीन घेऊन खोळंबलेले, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, माझी एंट्री गेली का राहिली? तुमच्याआधी जे येऊन गेले त्यांनी रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या, लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या बिघाडांची ठेवतो ती नोंदवही, पुसला, पुढचा केशरी दिवा विझला आणि काम झालं म्हणून सांगितलं. दिवा पुन्हा लागला तेव्हा उत्तर आलं की सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, हार्डवेअर बघा.

तुम्ही आल्या आल्या यंत्राला हातच लावला नाहीत. चहासुद्धा बाजूला ठेवून आधी लॉग मागितलात, आणि तो पुसलेला आहे हे कळल्यावर तुमच्या कपाळावर उमटलेली आठी मला अजून दिसते. पुसल्यानंतरच्या दिवसांतल्या नोंदी तेवढ्या होत्या. त्या तुम्ही एकेक करून वाचल्यात आणि मलाही शेजारी बसवून वाचायला लावल्यात. ‘करेक्टेबल मेमरी एरर’, म्हणजे दुरुस्त झालेली चूक, जागा ए३, म्हणजे पट्टी बसते ती खाच (स्लॉट). पुन्हा ए३. पुन्हा ए३. आणि सर्व्हर बंद पडला त्या दुपारच्या वेळेला एकच वेगळी नोंद, ‘अनकरेक्टेबल’, म्हणजे दुरुस्त न होणारी.

मग तुम्ही जे समजावून सांगितलंत, ते आमच्या लेखापालबाईंनी मान डोलावत ऐकलं, कारण ते हिशेबाच्याच भाषेत होतं. सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिट (शून्य किंवा एक असे ६४ आकडे) माहितीबरोबर ८ बिट ताळ्यासाठी ठेवलेले असतात. म्हणूनच त्या पट्टीवर दर आठ चिपांमागे नववी चिप दिसते. एक बिट उलटा झाला तर ताळ्यावरून नेमका कोणता ते कळतं आणि तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन उलटे झाले तर चूक आहे एवढं कळतं, पण कुठे ते कळत नाही. मग यंत्र चुकीचा आकडा पुढे देण्यापेक्षा थांबतं. ही ताळ्याची कल्पना रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली बेल लॅब्जमध्ये असताना मांडली, हेही तुमच्याकडूनच कळलं. सर्व्हर बंद पडतो म्हणून आम्ही त्याला शिव्या घालत होतो, आणि तो थांबत होता तो सभासदांच्या शिलकी बिघडू नयेत म्हणून. एवढं कळल्यावर खोलीतली निम्मी घबराट कमी झाली.

तरी तुम्ही तेवढ्यावर समाधान मानलं नाहीत. आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्या, रोजकीर्दीच्या बेरजा छापील कागदाशी जुळवा, मगच मी झाकण उघडते, असा तुमचा हट्ट होता. तो कोणाला आवडला नाही, हेही खरं. पण बेरजा पैशापैशाला जुळल्या आणि आमचे सचिव पहिल्यांदा खुर्चीत टेकले.

काउंटर बंद झाल्यावर खरं काम सुरू झालं. सर्व्हर रीतसर बंद केलात, मागच्या दोन्ही पॉवर केबली काढल्यात, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलंत आणि बोर्डावरचा बारीक दिवा विझेपर्यंत थांबलात. अंगातल्या स्थिर विजेने रॅम बिघडू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधून त्याची क्लिप रॅकच्या उघड्या लोखंडाला लावलीत. मग सर्व्हर रेलवरून पुढे ओढून वरचं झाकण आणि हवेचं काळं प्लास्टिकचं आवरण काढलंत. पट्टी धरताना तुमची बोटं फक्त दोन्ही कडांना होती, सोनेरी टोकांना एकदाही लागली नाहीत. बसवताना दोन्ही अंगठे सारखे दाबून, दोन्ही खिट्ट्या टक्‌ टक्‌ वाजल्याशिवाय तुम्ही हात काढला नाहीत.

आणि त्या रात्री तुम्ही नवीन पट्टी बसवलीच नाहीत! ए३ मधली पट्टी दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूच्या बी३ मध्ये आणि बी३ मधली ए३ मध्ये, एवढीच अदलाबदल. मला ते कोडंच वाटलं होतं. तुमचं म्हणणं असं की चूक ए३ वरच राहिली तर दोष स्लॉटचा किंवा त्या बाजूच्या प्रोसेसरचा, आणि पट्टीबरोबर बी३ ला गेली तर दोष पट्टीचा. रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवलीत. सकाळी नोंद आली ती बी३ ची. म्हणजे बोर्ड शाबूत, प्रोसेसर शाबूत. अख्खा मदरबोर्ड बदलण्याचं जे अंदाजपत्रक आमच्या टेबलावर पडलं होतं, ते त्या सकाळी फाइलला लागलं.

त्याच चाचणीत ए४ वरही दुरुस्त झालेल्या चुका दिसायला लागल्या होत्या. दुरुस्त होतंय ना, मग चालू द्या, असं आमच्यातलेच एक जण म्हणाले. तेव्हा तुम्ही गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या २००९ सालच्या अभ्यासाचा दाखला दिलात: वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर अशी चूक दिसली, आणि जिच्यावर ती एकदा दिसली तिच्यावर पुन्हा दिसण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. म्हणून दोन्ही पट्ट्या काढल्यात, उरलेल्या सहा दोन्ही प्रोसेसरांना तीन-तीन वाटून दिल्यात, आणि १२८ जीबीच्या जागी ९६ जीबीवर आमची मार्चअखेर सुरळीत पार पडली. नव्या पट्ट्या यायच्या आतच आमची मोठी अडचण संपली होती.

बाजारातून साधी रॅम आणून लावू, दोन दिवस वाचतील, हाही सल्ला कोणीतरी दिला होताच. तुम्ही जुन्या पट्टीवरचं लेबल सगळ्यांसमोर धरलंत: १६ जीबी, २आरएक्स४, पीसी४-२४००टी-आर. शेवटचा ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरसाठीची वेगळ्या जातीची रॅम. डीडीआर४ ची साधी पट्टी त्याच २८८ पिनांच्या खाचेत बसते, म्हणून माणूस फसतो. पण तिच्यासोबत सर्व्हर सुरू होत नाही. त्या लेबलाचा फोटो आता आमच्या खरेदीच्या फाइलला लावून ठेवलाय.

नव्या पट्ट्या बसल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहिला, तेव्हा आमच्या शिपायाने देवाचं नाव घेतलं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की रॅम बदलल्यावर यंत्र ती नव्याने जोखून घेतं, पहिल्या वेळी मिनिटं जातात, मध्येच बटण दाबायचं नाही. मग आठही पट्ट्या मोजल्या गेल्या, १२८ जीबी दिसले. जुना लॉग पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्यावरच तुम्ही तो पुसलात.

तुम्ही दिलेला तक्ता रॅकच्या दाराला आतून चिकटवलाय: कोणत्या स्लॉटमध्ये कोणत्या नंबरची पट्टी, कधी बसवली. दर सोमवारी मी लॉग उघडून बघतो आणि तारखेसमोर सही करतो. शेजारच्या गावातल्या पतसंस्थेचे लोक तो तक्ता बघून गेले आणि तसाच त्यांनीही करून घेतला.

संस्थेच्या लेटरहेडवर तुमच्या वरिष्ठांना वेगळं पत्र गेलंय. त्यात तुम्ही रात्री थांबलात हे तर लिहिलंच, पण नको असलेला मदरबोर्डचा खर्च वाचवलात हे जास्त ठळक लिहिलंय. सप्टेंबरात आमची वार्षिक सभा आहे आणि तुमचा सत्कार करायचा असं संचालक मंडळाने एकमताने ठरवलंय. तुम्ही नको म्हणाल, ठाऊक आहे. पण पिग्मी एजंटांनी आपसात वर्गणी काढून साडी आधीच आणून ठेवलीये, तेव्हा यावंच लागेल. तारीख नक्की झाली की फोन करतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला कृतज्ञ,
संगणक विभाग, तुमच्या ओळखीची पतसंस्था