चोरबीटीला हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण उत्तर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार देशाची जैवअर्थव्यवस्था 2014 मध्ये दहा अब्ज डॉलरची होती. 2024 मध्ये ती 165 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ऑगस्ट 2024 मध्ये जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणाऱ्या 'बायोई3' धोरणाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुकसंपादित भाताची दोन वाणे देशापुढे ठेवली. या बातम्या मी आवडीने वाचतो आणि कात्रणे काढून ठेवतो. शेतीत नवे विज्ञान आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच एक प्रश्न विचारायचा आहे. जैवतंत्रज्ञानाचे जे बियाणे आज विदर्भातल्या गावोगावी पेरले जात आहे, त्याबद्दल सरकार बोलत का नाही?

मी तणनाशक सहनशील बीटी कापसाबद्दल लिहितो आहे. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेला कापूस. कागदोपत्री त्याला एचटीबीटी म्हणतात, आमच्याकडे चोरबीटी. या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी ती मरत नाही, भोवतालचे तण मात्र जळते. पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीने, म्हणजे जीईएसीने, या वाणाच्या लागवडीला परवानगी दिलेली नाही. दर वर्षी मे महिन्यात धाडी पडतात, पोती जप्त होतात, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. जूनमध्ये पाऊस पडला की तेच बियाणे टोबले जाते.

शेतकरी ते का घेतो, हे शहरातल्या वाचकांनी समजून घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस झड लागते. काळ्या जमिनीत पाय ठरत नाही, तण काढायचा बैलांचा डवरा चालत नाही. उघाड पडते तेव्हा तण पऱ्हाटीच्या वर गेलेले असते आणि त्याच चार दिवसांत सगळ्या गावाला निंदणाला बाया हव्या असतात. त्या मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरीचा हिशेब जमत नाही. अशा वेळी पाठीवर पंप घेऊन एका दिवसात शेत साफ करण्याची सोय कुणी दाखवली, तर अडचणीतला कास्तकार ती घेणारच. त्याला गुन्हेगार ठरवणे मला मान्य नाही.

पण त्याला काय विकले जाते, तेही पाहा. हे पाकीट दुकानाच्या काउंटरवर ठेवलेले नसते. ओळखीतल्या माणसाकडून, रात्री-अपरात्री, रोख पैसे मोजून ते घ्यावे लागते. पाकिटावर छापलेल्या लॉट क्रमांकाला काही अर्थ नसतो आणि पावती तर मिळतच नाही. त्यात तणनाशक सहनशील जनुक खरोखर आहे की नाही, बोंडअळीविरोधी जनुके किती टक्के बियांत आहेत, उगवण किती, हे कुणीच सांगू शकत नाही. उगवले नाही तर शेतकरी तक्रार तरी कुठे करणार? 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा कापूस बियाण्याच्या नियमांखाली भरपाईच्या तक्रारीचे 'जी' फॉर्म भरून घेतले गेले. त्या फॉर्मसोबत बियाणे खरेदीची पावती लागत होती. त्या वर्षीचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांना बियाण्याच्या पावतीची किंमत वेगळी सांगायला नको. चोरबीटी घेणारा शेतकरी हंगाम सुरू होण्याआधीच आपला तो हक्क सोडून देतो.

हे सगळे पूर्वी एकदा घडून गेले आहे. 2001 मध्ये गुजरातमध्ये 'नवभारत 151' नावाचे वाण हजारो एकरांवर सापडले. त्यात बीटी जनुक होते, परवानगी नव्हती. उभे पीक जाळण्याचे आदेश निघाले, ते अमलात येऊ शकले नाहीत आणि मार्च 2002 मध्ये महिको-मोन्सॅन्टोच्या तीन संकरित वाणांना मंजुरी मिळाली. तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याने आणि बाजाराने एकच धडा घेतला, की आधी पेरायचे, परवानगी मागाहून येते. नियमनाची घडी विस्कटली ती तिथे.

पुढचे नुकसान जास्त मोठे होते. बीटीच्या शेताभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावायच्या, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही, असा नियम होता. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर-बीटीचे 120 ग्रॅमचे छोटे पाकीट त्याचसाठी मिळत असे. बहुतेकांनी ते बांधावर टाकून दिले. ते का लावायचे, हे कंपनीने नीट समजावले नाही, कृषी खात्याने शेतावर येऊन पाहिले नाही. त्यात आपल्याकडे सहा-सात महिने शेतात उभी राहणारी संकरित कपाशी आणि वरून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेण्याची सवय, त्यामुळे गुलाबी बोंडअळीला वर्षभर खाणे मिळत राहिले. 2010 मध्ये मोन्सॅन्टोनेच गुजरातच्या चार जिल्ह्यांत ही अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे मान्य केले. दोन जनुकांचे बोलगार्ड-2 हे 2006 पासून बाजारात होते. 2014-15 नंतर तेही या अळीपुढे लुळे पडू लागले. 2017 च्या हंगामात किडींच्या धास्तीने औषधांची नाही नाही ती मिश्रणे फवारली गेली आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो माणसे दवाखान्यांत पडून होती. 2013-14 मध्ये देशाची कापूस उत्पादकता हेक्टरी साडेपाचशे किलो रुईच्या पुढे गेली होती. नंतर ती साडेचारशेच्या आसपास घसरून तिथेच अडकली.

मी यासाठी बीटी तंत्रज्ञानाला दोष देत नाही. सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरची फवारणी खरोखरच कमी झाली होती, हे कुठलाही जुना कापूस उत्पादक सांगेल. दोष आहे तो बियाणे बाजारात सोडून पाठ फिरवणाऱ्या व्यवस्थेचा. चोरबीटीच्या बाबतीत तर पाठ फिरवण्याचेही कारण उरलेले नाही, कारण सरकारच्या लेखी ते बियाणे अस्तित्वातच नाही. त्यामुळे ते कसे वापरावे हे सांगायलाही कुणी येत नाही. एकाच तणनाशकाचा मारा वर्षानुवर्षे होत राहिला की तणेही त्याला जुमानत नाहीत. अमेरिकेच्या कापूस पट्ट्यात राजगिऱ्याच्या जातीच्या एका तणाने हे दाखवून दिले आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. असा चालक आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिलेला नाही. फवारणी करतो तो घरचा पोरगा नाहीतर रोजंदारीवरचा मजूर, अनेकदा हातमोजे आणि मास्कशिवाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये या रसायनाला 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकले, इतर अनेक देशांच्या नियामकांचे मत वेगळे पडले. यातले काय खरे मानायचे, हे आमच्यापर्यंत मराठीत येऊन कुणी सांगितलेले नाही.

दोन्ही बाजूंच्या मंडळींबद्दल मला आदर आहे. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने उघडपणे एचटीबीटी पेरून सविनय कायदेभंग केला. पाच वर्षे तुरुंगवास आणि एक लाख रुपये दंडापर्यंतची तरतूद डोक्यावर असताना शेकडो शेतकरी तिथे जमले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य मागण्यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण माल खोटा निघाला तर भरपाई कुणी द्यायची, या प्रश्नाला त्या स्वातंत्र्यात उत्तर सापडत नाही. दुसऱ्या बाजूला, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीतील बहुसंख्य सदस्यांनी 2013 मध्ये तणनाशक सहनशील पिके भारतात नकोतच, असा अभिप्राय दिला. निंदणाच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बायांचा विचार त्यामागे होता. तो महत्त्वाचा आहे. तीन-चार एकराच्या शेतकऱ्याची बायकोच दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाते, तेव्हा हा शेतकरी विरुद्ध मजूर असा सरळ झगडाही नाही. पण त्या अभिप्रायानंतर सरकारने स्वतःचे म्हणणे काय ते सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही. बोलगार्ड-2 ची तणनाशक सहनशील आवृत्ती कायदेशीर मार्गाने येऊ पाहत होती. परवाना आणि मोबदल्याच्या वादात 2016 मध्ये मोन्सॅन्टोच्या भागीदार महिको कंपनीने तो अर्ज मागे घेतला. तंत्रज्ञान मात्र शेतात शिरलेच, फक्त मागच्या दाराने.

निर्णय टाळण्याची ही सवय कापसापुरती नाही. जालन्याच्या महिकोने तयार केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर 2009 मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दिला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती दिली. त्यांनी लोकांचे ऐकले, कारणे लेखी दिली, म्हणून त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पण स्थगिती म्हणजे पुढील अभ्यासासाठी थांबणे. तो अभ्यास कुठवर आला? दरम्यान तेच जालन्याचे जनुक वापरून बांगलादेशने 2013 मध्ये वांग्याच्या चार वाणांना मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांना रोपे दिली. मोहरीचेही तेच. दिल्ली विद्यापीठातील डीएमएच-11 या जनुकीय संकरित मोहरीला ऑक्टोबर 2022 मध्ये मंजुरी मिळाली आणि 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. मात्र दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते, की केंद्राने सर्वांशी बोलून जनुकीय पिकांचे राष्ट्रीय धोरण ठरवावे. त्यासाठी आमच्या तालुक्यात कुणी शेतकऱ्यांचे मत विचारायला आलेले नाही.

आता जनुकसंपादित पिकांची पाळी आहे. 30 मार्च 2022 च्या आदेशाने, ज्या पिकांत बाहेरचे जनुक उरत नाही अशा संपादित वाणांना जीईएसीच्या कडक चाळणीतून सूट मिळाली. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचे 'कमला' हे वाण, ज्या सांबा मसुरी भातापासून ते तयार केले त्यापेक्षा, सुमारे 19 टक्के जास्त उत्पादन देते आणि साधारण वीस दिवस आधी तयार होते, असे संस्थेचे म्हणणे आहे. 'पुसा डीएसटी राइस 1' खारवट जमिनीसाठी आहे. हे खरे ठरले तर भंडारा-गोंदियाच्या धान उत्पादकांना आणि कोकणातल्या खारजमिनीच्या शेतकऱ्यांना त्याचा फायदा होईल, आणि ही वाणे सरकारी संस्थांची आहेत याचा मला आनंद आहे. तरीही सूट दिली म्हणून माहिती दडवू नये. चाचण्या कुठे झाल्या, किती हंगाम झाल्या, या तंत्राच्या पेटंटचे काय, शेतकरी घरचे बियाणे पुढच्या वर्षी वापरू शकेल का, हे सगळे बियाण्याच्या पोत्याबरोबर मराठीत मिळाले पाहिजे.

एचटीबीटीच्या स्वतंत्र चाचण्या कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर घ्या, त्याचे निष्कर्ष जाहीर करा आणि तारीख ठरवून हो किंवा नाही सांगा. खुल्या शेतातील चाचण्यांना राज्याचे ना-हरकत पत्र लागते, तेव्हा मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवून चालणार नाही. उत्तर 'हो' असेल, तर पावती, लेबल, भरपाई आणि फवारणाऱ्याच्या संरक्षणाच्या अटींसह ते येऊ द्या. 'नाही' असेल, तर गावातल्या किरकोळ विक्रेत्याला पकडून थांबू नका. हे बियाणे जिथे तयार होते त्या बीजोत्पादन शेतांपर्यंत आणि जिनिंगपर्यंत जा, आणि निंदणाच्या अडचणीवर दुसरा उपाय द्या. लहान ट्रॅक्टरवर चालणारी आंतरमशागतीची अवजारे, कमी कालावधीची सरळ (म्हणजे संकरित नसलेली) वाणे, सघन लागवड यांवर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काम झालेले आहे. ती सरळ वाणे महाबीजच्या, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाच्या, पिशवीतून पुरेशा प्रमाणात येऊ द्या. त्यांचे बियाणे घरी राखता येते आणि कपाशी लवकर निघाल्याने गुलाबी अळीचे चक्रही तुटते.

येत्या खरिपाचे बियाणे मे महिन्यात गावात पोचेल. त्याआधी राज्याच्या कृषिमंत्र्यांनी या विषयावर सरकारची भूमिका विधिमंडळात लेखी मांडावी आणि आपल्या वृत्तपत्राने ती त्यांच्याकडे मागावी, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ